व्हिएन्नाच्या नकाशावरची दहावी खूण

१/ आजच्या धाग्यात आपण एका चित्रपटातील शहर पायी फिरणार आहोत. चित्रपट आहे कॅरल रीड दिग्दर्शित ‘द थर्ड मॅन’, प्रदर्शनाचे वर्ष १९४९. शहर आहे दुसऱ्या महायुद्धानंतरचे व्हिएन्ना. मी व्हिएन्नाला कधीही गेलेली नाही. पुढील सारे शोधकार्य पुण्यातील एका खोलीत, संगणकाच्या पडद्यासमोर झाले आहे. धाग्यात कथानकाचा शेवटपर्यंत उलगडा होईल. चित्रपट अद्याप पाहिला नसेल, तर आधी तो पाहावा आणि मग येथे परतावे.

२/ प्रथम थोडी पार्श्वभूमी. एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने व्हिएन्ना जिंकले. त्यानंतर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार विजेत्यांनी शहराची वाटणी करून घेतली. शहराच्या गाभ्याचा पहिला जिल्हा मात्र कोणा एकाचा नव्हता. तेथील कारभाराची सूत्रे दर महिन्याला एका सत्तेकडून दुसरीकडे जात, आणि चारही देशांचे सैनिक एकाच जीपमध्ये बसून गस्त घालत. ही व्यवस्था १९५५ च्या ऑस्ट्रियन राज्य-करारापर्यंत, म्हणजे दहा वर्षे टिकली.

३/ कथालेखक ग्रॅहम ग्रीन १९४८ च्या आरंभी या शहरात आले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत चित्रीकरणाचा ताफा तेथे पोहोचला. कथा थोडक्यात अशी : हॉली मार्टिन्स नावाचा अमेरिकन लेखक आपला मित्र हॅरी लाइम याच्याकडे नोकरीसाठी येतो. येऊन पाहतो तो मित्राचा अपघाती मृत्यू झालेला. अपघातस्थळावरून प्रेत उचलणारे दोघेच होते असे सारे सांगतात. इमारतीचा रखवालदार मात्र म्हणतो, तिसराही एक माणूस होता. तो तिसरा कोण, या प्रश्नावर चित्रपट उभा आहे.

४/ चित्रपटातील जागा ओळखणे हा पुष्कळांना निव्वळ छंद वाटतो. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात साधनांच्या चिकित्सेचा उत्तम सराव घडतो. प्रत्यक्ष रस्त्यावर चित्रित झालेली प्रत्येक चौकट नकळत एक दस्तऐवज असते. नटांच्या मागे जी भिंत दिसते, तिला अभिनय येत नाही. एम. ए.च्या पहिल्या वर्षी मी हा चित्रपट थांबवत थांबवत पाहिला आणि ओळखू आलेल्या प्रत्येक जागेची खूण नकाशावर करू लागले.

५/ पहिली खूण सोपी होती. लाइमच्या घरासमोर अपघात घडतो, तेथे चौकाच्या मध्यभागी एक अश्वारूढ पुतळा आहे. हा सम्राट दुसऱ्या जोसेफचा पुतळा, आणि चौक म्हणजे योसेफ्सप्लाट्झ. घराच्या दाराशी स्त्रीरूपातील दगडी स्तंभ आहेत. ती इमारत अठराव्या शतकातील पल्लाविचिनी प्रासाद. गंमत अशी की, प्रेत रस्त्याच्या कोणत्या बाजूला आणि पुतळ्याजवळ कसे नेले, यावर कथेतही वाद होतो. म्हणजे पुतळा माझा साक्षीदार होण्यापूर्वी मार्टिन्सचा साक्षीदार झालेला आहे.

६/ प्रत्येक ठिकाणी असा पुतळा मदतीला येत नाही. तेव्हा खिडक्या मोजाव्या लागतात. मजल्यांची उंची, दाराची कमान, छपराचा उतार, ट्रामचे रूळ कोठे वळतात, रस्त्याला चढ आहे की उतार, हे सारे टिपून घ्यावे लागते. दुकानांच्या पाट्या, दारांचे रंग, वरचे प्लास्टर बदलते. कमानीची रुंदी सहसा बदलत नाही. व्हिएन्नाच्या रस्त्यांच्या पाट्यांवर नावाआधी जिल्ह्याचा क्रमांक असतो. तो आकडा जरी अंधूक दिसला, तरी शोधाचे क्षेत्र एकदम आकुंचन पावते.

७/ आता चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध दाराकडे वळू. रात्रीची वेळ आहे. एका अंधाऱ्या दारात कोणीतरी उभे आहे आणि एक मांजर त्याच्या बुटांशी खेळते आहे. समोरच्या घरातील कोणी चिडून दिवा लावते, आणि त्या उजेडात ‘मृत’ हॅरी लाइमचा, म्हणजे ऑर्सन वेल्सचा, मिस्कील चेहरा दिसतो. हे दार श्रायफोगेलगासे या लहानशा रस्त्यावरील आठ क्रमांकाच्या घराचे. ते आजही आहे. जवळच मोल्करबास्टाय या जुन्या तटबंदीवर बीथोव्हेनने अनेक वर्षे वास्तव्य केलेले घर आहे.

८/ लाइम पळतो, मार्टिन्स त्याच्या सावलीचा पाठलाग करतो, आणि सावली नाहीशी होते. ती कोठे गेली हे पुढे उलगडते : एका मोकळ्या चौकात जाहिराती चिकटवण्याचा गोल खांब आहे, त्याला दार आहे आणि दाराआड थेट गटारात उतरणारा जिना. हा चौक म्हणजे आम होफ. तो खांब मात्र चित्रपटासाठी तेथे उभा केलेला होता. खऱ्या भूमिगत वाहिन्यांतील चित्रीकरणाची आठवण म्हणून आज पर्यटकांना जेथून खाली नेतात, ती जागा कार्ल्सप्लाट्झ भागात आहे, आम होफपासून सुमारे एक किलोमीटर दूर. दार एकीकडचे, जिना दुसरीकडचा, गटार तिसरीकडचे. जोडणी झाली ती संपादनाच्या टेबलावर.

९/ त्या गटारांचाही इतिहास आहे. १८३०-३१ च्या कॉलराच्या साथीनंतर व्हीन नदीच्या काठाने सांडपाण्याचे बंदिस्त नाले बांधण्यात आले. त्यांना ‘कॉलरा नाले’ म्हणत. नदीचा काही भाग पुढे वरून झाकला गेला. चित्रपटातील अंतिम पाठलाग याच पाताळात घडतो. ऑर्सन वेल्स तेथे काम करण्यास फारसा राजी नव्हता, म्हणून त्याच्या दृश्यांचा बराच भाग इंग्लंडमधील स्टुडिओत उभारलेल्या गटारात चित्रित झाला. रस्त्यावरील जाळीतून वर येणारी ती तडफडणारी बोटे खुद्द दिग्दर्शक रीड यांची आहेत.

१०/ येथवर सारा खेळ होता. व्हिएन्नाच्या तत्कालीन वाटणीचा नकाशा मी माझ्या खुणांवर ठेवला, तेव्हा त्या खेळाला अर्थ आला. योसेफ्सप्लाट्झ, श्रायफोगेलगासे, आम होफ हे सारे चौघांच्या सामाईक जिल्ह्यात. प्राटरचे उद्यान मात्र सोव्हिएत भागात. लाइमला सोव्हिएत भागात आसरा आहे; ब्रिटिश मेजर कॅलोवे तेथे त्याला हात लावू शकत नाही. जमिनीवर अधिकाराच्या इतक्या रेषा, आणि त्यांच्या खालून वाहणारे गटार मात्र एक, अखंड. लाइमने ते का निवडले, हे खुणांखाली वाटणीच्या रेषा दिसल्याशिवाय मला नीटसे कळले नव्हते.

११/ प्राटरमध्येच ते अजस्र चक्र आहे, ज्याला ‘रीझनराड’ म्हणतात. ते १८९७ साली उभारले गेले. १९४४ मध्ये ते आगीत सापडले. १९४७ मध्ये ते पुन्हा फिरू लागले तेव्हा पूर्वीच्या तीस डब्यांऐवजी पंधराच डबे लावण्यात आले. चित्रपट पाहताना दोन डब्यांमधील मोकळी जागा जरूर पाहावी. कोणीही ती मुद्दाम दाखवलेली नाही. युद्धाने शहराचे काय केले, हे ती जागा न बोलता सांगते.

१२/ दुसरे उदाहरण पुलाचे. लाइमचे साथीदार डॅन्यूबवरील ज्या पुलावर भेटतात तो राइख्सब्रुके. डॅन्यूबवरील व्हिएन्नाच्या पुलांपैकी १९४५ च्या लढाईत वाचलेला हा एकच. चित्रीकरणाच्या वेळी त्याचे अधिकृत नाव ‘लाल सेनेचा पूल’ असे होते. १ ऑगस्ट १९७६ रोजी पहाटे तो कोसळला आणि त्या जागी नवा पूल आला. त्यामुळे चित्रपटात दिसणाऱ्या पुलावर आज कोणालाही उभे राहता येणार नाही. तो आता केवळ छायाचित्रांत आणि अशा चौकटींतच उरला आहे.

१३/ अखेरीस लाइमसाठी सापळा लावला जातो तो होहर मार्क्ट या चौकात. योसेफ आणि मारिया यांच्या विवाहाचे शिल्प असलेल्या कारंज्यावरून तो ओळखता येतो. सभोवतालच्या इमारती जुळवू पाहाल तर निराश व्हाल, कारण तेव्हा तेथे ढिगारे होते आणि आज तेथे युद्धोत्तर बांधकाम आहे. लाइम ज्या भग्नावशेषांवरून खाली पाहतो, ते कोणा कलादिग्दर्शकाने रचलेले नाहीत. रस्ते ओले दिसावेत म्हणून पाणी मारण्यात आले, कॅमेरा तिरका धरण्यात आला. विटांचा ढीग मात्र खरा होता.

१४/ आता माझी चूक. मार्टिन्स लाइमच्या एका साथीदाराला ‘कॅफे मोझार्ट’मध्ये भेटतो. या नावाचे कॅफे व्हिएन्नात खरोखरच आहे, ऑपेराच्या मागील बाजूस. पडद्यावर पाटी दिसली, नकाशावर नाव सापडले. मी खूण केली आणि त्याच आधारावर वर्गात एक छोटेसे टिपणही वाचले. नंतर एका जाणकाराने लक्षात आणून दिले की, ते दृश्य तेथले नाहीच. नोयर मार्क्ट या जवळच्या चौकात खोटी पाटी लावून ते चित्रित केले आहे. मी पुन्हा खिडक्या मोजल्या. माझी खूण चुकलेली होती.

१५/ ही चूक मला फार बोचली. साधन स्वतःविषयी जे सांगते, त्यावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा, हे आम्हाला ताम्रपट आणि बखरी शिकवताना पहिल्याच सत्रात सांगितले होते. चौकटीतील पाटी हे साधनाचे स्वतःविषयीचे विधान. मागची खिडकी ही त्याने अनवधानाने दिलेली साक्ष. मी विधान मानले आणि साक्ष तपासलीच नाही. खूण दुरुस्त केली तेव्हा नकाशावर गटार आणि मध्यवर्ती दफनभूमी धरून एकूण नऊ खुणा झाल्या होत्या. माझ्या मते काम पूर्ण झाले होते.

१६/ तो नकाशा मी मोठ्या अभिमानाने आजोबांना दाखवला. आजोबांचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. त्यांची सारी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, औषध कुप्यांत भरण्याच्या विभागात गेली. घरात आम्ही तिला नुसते ‘कंपनी’ म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने १९५४ मध्ये तो कारखाना स्थापन केला, आणि तेथे जे औषध प्रथम बनू लागले ते होते पेनिसिलिन. चित्रपटही पेनिसिलिनचाच आहे, असे कळताच आजोबा म्हणाले, “मग लाव बघू.”

१७/ ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : लाइमचा धंदा पेनिसिलिनचा. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये शोधलेले हे द्रव्य महायुद्धाच्या काळात मोठ्या प्रमाणावर बनू लागले. युद्धानंतरच्या व्हिएन्नात ते प्रामुख्याने लष्करी रुग्णालयांकडे होते, आणि सामान्य माणसासाठी चोरबाजार होता. लाइमची टोळी लष्करी रुग्णालयातून पेनिसिलिन चोरते, त्यात भेसळ करून ते पातळ करते आणि विकते. ते औषध मेंदूज्वर झालेल्या मुलांना दिले जाते.

१८/ आजोबांनी चित्रपट शांतपणे पाहिला. योसेफ्सप्लाट्झ आला, मी बोट दाखवले. ते “हं” म्हणाले. चक्र आले, मी पंधरा डब्यांची हकीकत सांगितली. ते पुन्हा “हं” म्हणाले. त्या चक्रातून लाइम खालच्या माणसांकडे पाहतो आणि त्यांना ठिपके म्हणतो. एखादा ठिपका हलायचा थांबला, तर खरेच काय वाटेल, असे मित्राला विचारतो. मग ते दृश्य आले, ज्यात कॅलोवे मार्टिन्सला मुलांच्या रुग्णालयात नेतो. आजोबा पुढे सरकून बसले.

१९/ दृश्य संपल्यावर त्यांनी विचारले, “हे हॉस्पिटल कुठलं?”
मी म्हणाले, “माहीत नाही, आजोबा.”
“बाकी सगळं तर दाखवलंस. नकाशात नाही ते?”
“त्या दृश्यात बाहेरचं काही दिसतच नाही. ओळखणार कशावरून?”
“शोधलंस का पण?”
मी शोधले नव्हते. ओळखण्याजोगी खूण नाही, म्हणून ते दृश्य मी दर वेळी पुढे ढकलले होते.

२०/ त्या रात्री मी तेवढाच भाग पुन्हा पाहिला. त्यात रुग्णालयाचे नाव नाही. मला ओळखता येईल असा एकही दगड नाही. इतकेच नव्हे, तर मुलेही नाहीत. दिसतात ते खाटांवर वाकून पाहणारे मोठ्या माणसांचे चेहरे. एक परिचारिका कापडी अस्वल उचलते आणि टाकून देते. बस्स. ज्या चित्रपटाने शहराचा चौकन् चौक दाखवला, त्याने ज्या मुलांपायी सारे घडते त्यांना एकदाही दाखवले नाही. तो अर्थात रीड यांचा संयम. न दाखवल्यामुळेच ते दृश्य सहन होते आणि विसरताही येत नाही. पण मी त्याला संयम म्हणून ओळखले नव्हते. माझ्या लेखी तेथे काही नव्हतेच.

२१/ सकाळी चहाच्या वेळी आजोबा आपणहून बोलू लागले. “पातळ केलेलं औषध हे औषध नसण्यापेक्षा वाईट. औषध नाही म्हटल्यावर डॉक्टर दुसरं काही करून बघतो. दिलंय म्हटल्यावर सगळे वाट बघत बसतात, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.” थोड्या वेळाने म्हणाले, “आमच्या प्रत्येक कुपीवर बॅच नंबर असायचा. कधी भरली, कुठल्या पाळीत भरली, सगळं सापडायचं. त्या हॅरीच्या बाटलीवर कसला नंबर?”

२२/ आणि मग जे मी चोवीस वर्षांत ऐकले नव्हते, ते त्यांनी सांगितले. त्यांचा एक धाकटा भाऊ होता. सातारा जिल्ह्यातील गाव, वर्ष १९४८ च्या आसपासचे. भावाचे वय चार. न्यूमोनिया झाला. तालुक्याच्या दवाखान्यात सांगितले की, एक नवे इंजेक्शन आहे, पण ते पुण्याला मिळेल. पणजोबा पुण्याला गेले आणि दोन दिवसांनी परतले. याहून अधिक आजोबांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. तो दवाखाना कोठे होता, एवढे मात्र विचारले. “तो कुठला राहिलाय आता? तिथं एसटी स्टँड आहे.”

२३/ मी हिशेब केला. त्याच सुमारास रीड यांचा ताफा व्हिएन्नाच्या रस्त्यांवर पाणी मारत होता. १९४६ मध्ये ऑस्ट्रियात, टिरोलमधील कुंडल गावी, बिअरच्या एका जुन्या कारखान्यात पेनिसिलिन बनवण्यासाठी कंपनी सुरू झाली होती. पिंपरीचा कारखाना १९५४ चा. त्या काळात एखादे मूल वाचणार की नाही, हे पुष्कळदा ते कोठे आजारी पडले यावर ठरत असे. स्थळ म्हणजे काय, याचा इतका उघडा अर्थ नऊ खुणा करूनही माझ्या लक्षात आला नव्हता.

२४/ जागा शोधण्याचा छंद मी सोडलेला नाही. उलट वाढला आहे. भिंती, पूल, चक्राचे डबे ही साक्ष मोलाची आहे आणि ती टिपून ठेवायलाच हवी, कारण राइख्सब्रुकेसारखे पूल एका पहाटे नाहीसे होतात. पण या पद्धतीची एक मर्यादा मला आता ठाऊक आहे. ज्याचे बांधकाम टिकले, तेच तिला दिसते. राजवाडा टिकतो, पुतळा टिकतो. ज्या खाटेवर मूल होते ती टिकत नाही. इतिहासातील पुष्कळशी माणसे याच दुसऱ्या प्रकारात मोडतात.

२५/ माझ्या नकाशावर आता दहावी नोंद आहे. तिला अक्षांश-रेखांश नाहीत. ती नकाशाच्या कडेला, समासात आहे. तिच्यापुढे लिहिले आहे : ‘मुलांचे रुग्णालय. स्थळ दाखवलेले नाही.’ खाली आजोबांच्या गावचे नाव आणि ‘तालुक्याचा दवाखाना, आता एसटी स्टँड’ अशी एक ओळ आहे. शोधनिबंधात ती कदाचित बसणार नाही. मी ती पुसणार नाही.

२६/ आपल्यापैकी अनेकजण जुन्या चित्रपटांतील मुंबई, पुणे, कोल्हापूर ओळखण्याचा उद्योग करत असतील. जरूर करावा, खिडक्या मोजाव्यात, पाट्यांवर विश्वास ठेवू नये. एवढी एक विनंती : ज्या दृश्यात ओळखण्याजोगे काहीच सापडत नाही, ते पुढे ढकलू नका. आणि घरात कोणी वडीलधारे असतील, तर तो चित्रपट त्यांच्या शेजारी बसून पाहा. त्यांनी काही विचारले तर येथे जरूर लिहा. मी वाचेन, आणि आजोबांनाही वाचून दाखवेन.